नावाचा रकाना शेवटी

प्रिय बेटा,

भूशास्त्राच्या प्रॅक्टिकलला टेबलावर चाळीस दगड मांडतात, नावं पाठ करायला लावतात आणि तुला सगळे सारखेच दिसतात, हे वाचून हसू आलं. मीही नावं पाठच केली होती. सतरा नंबरचा कोपरा फुटलेला, बावीसवर शाईचा डाग, एवढ्या खुणांवर माझं पहिलं वर्ष निघत आलं होतं. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी स्वतःच्या पिशवीतला पांढरा तुकडा पुढं ठेवला. मी छातीठोक ‘गारगोटी’ लिहून मोकळा. सर काही बोलले नाहीत. नुसता पातळ ॲसिडचा एक थेंब टाकला. थेंब फसफसला. कॅल्साइट होतं ते, चुनखडकातलं खनिज.

तेव्हापासून माझ्या वहीत नावाचा रकाना सगळ्यात शेवटी असतो. आधी तपासण्या, मग नाव.

दगडानं काचेवर ओरखडा ओढला की थांब, बोटानं पूस. पुसल्यावर गेला तर तो ओरखडा नव्हताच, दगडाचीच पूड होती. निम्मी पोरं इथंच फसतात. मोहसच्या एक ते दहाच्या मापावर काचेची कठिनता 5.5 धर, कॅल्साइट 3, गारगोटी 7. नख अडीचच्या आसपास, पण नखं आहेत म्हणून दर दगडावर मोडत बसू नको.

कस, म्हणजे दगड घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, बघायला बिनझिलईची चिनी मातीची पाटी घे. हेमाटाइट हे लोहखनिज बाहेरून काळं असो की करडं, पाटीवर रेघ लालसरच उमटते. मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाची काळी. भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीकडचं मऊ मँगनीज तर पाटीआधी तुझी बोटंच काळी करेल. गारगोटीला मात्र कस मागू नको, ती उलट पाटीलाच ओरखडते.

विशिष्ट गुरुत्वाला, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड ते काढायला, सगळे कंटाळतात, मला तेच आवडतं. दगड दोऱ्यानं तराजूला टांगून हवेत तोल, मग भांड्याला न टेकवता पाण्यात बुडवून तोल. हवेत 106 ग्रॅम, पाण्यात 66. फरक 40. 106 भागिले 40, म्हणजे 2.65. गारगोटीचं हेच. दगडाला चिकटलेले बुडबुडे आधी झटक, नाहीतर आकडा हमखास कमी येतो.

थेंबासाठी ॲसिड पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

तू यवतमाळातल्या वणीकडची, म्हणजे तुझी अर्धी लॅब घराबाहेरच आहे. राजूरला चुनखडक, आसपास कोळशाच्या खाणी, पश्चिमेला गेलं की 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट. कोळसा त्याहून कितीतरी जुना, पंचवीस कोटींच्याही मागचा. रस्त्याच्या गिट्टीत बेसॉल्टचा तुकडा सापडेल, त्यावर थेंब टाकून बघ. एखादा फसफसेल. लगेच चुनखडक लिहू नको. भिंग लाव आणि नेमकं कुठं फसफसतंय ते बघ. दगड गप्प असतो, भेगेतलं कॅल्साइट बोलत असतं.

तुमच्या वावरातल्या विहिरीतून निघालेला, पोकळीत पांढरे स्फटिक असलेला दगड आहे म्हणतेस. फोटो पाठवू नको, फोटोवरून मी पुन्हा गारगोटीच म्हणेन. कठिनता बघ, थेंब टाक, फुटलेल्या बाजूला सपाट पाटन (ठरावीक पातळीत गुळगुळीत फुटणं) दिसतं की काचेसारखं भंजन (वेडंवाकडं, गोलसर फुटणं), ते लिही. बेसॉल्टच्या पोकळीत कॅल्साइट, गारगोटी आणि झिओलाइट नावाची खनिजं, तिघंही बसतात. रविवारी वही घेऊन ये. दगडही आण, पण फडक्यात बांधून. मागच्या वेळी पिशवीत आणलेले आपसात घासून स्फटिकांचा चुरा झाला होता.

तुझा,
सर