फिरायला गेलो आणि शिकायचं ठरलं: व्हिसाविषयी वाचकांचे प्रश्न

पाहुणा म्हणून परदेशी गेलेल्या माणसाला तिथूनच स्टुडंट व्हिसा मागता येतो का, या एकाच विषयावर या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली निवडक घेतली आहेत. शुल्काचे आकडे वरचेवर बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या.

प्रश्न: मुलगी मे महिन्यात बी-२ (पर्यटक) व्हिसावर न्यू जर्सीला मावशीकडे गेली. तिला नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत राहण्याची मुदत मिळाली आहे. तिथल्या एका विद्यापीठाने जानेवारीपासून एम.एस.ला प्रवेश दिला. भारतात न परतता तिला स्टुडंट व्हिसा मिळेल का? (एक पालक, नाशिक)

अमेरिकेत बसून व्हिसा मिळत नाही. व्हिसा पासपोर्टवर चिकटवला जातो तो अमेरिकेबाहेरच्या वकिलातीत. देशात असताना मागता येतो तो स्टेटसमधला, म्हणजे तिथे कोणत्या नात्याने राहता त्यातला बदल: पर्यटकाच्या बी-२ वरून विद्यार्थ्याच्या एफ-१ वर. हा अर्ज यूएससीआयएस या अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे जातो आणि तो करायला कायद्याची आडकाठी नाही. तरी आमचं मत आधीच सांगतो: जानेवारीला अवकाश आहे, तेव्हा मुलीने सप्टेंबरपर्यंत घरी यावं आणि मुंबईत मुलाखत द्यावी. कारणं कळण्यासाठी अर्जाची रीत पाहू.

सुरुवात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात होते. अर्ज देशातूनच करायचा आहे हे तिथे स्पष्ट सांगावं लागतं, कारण आय-२० हा विद्यापीठाने द्यायचा प्रवेशाचा फॉर्म ‘चेंज ऑफ स्टेटस’ अशी नोंद करून काढतात. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याचा नेहमीचा आय-२० जोडला की पुढे खुलासे करत बसावं लागतं. मग सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर भरायचे आणि आय-५३९ हा स्टेटस बदलाचा अर्ज करायचा. त्याचं शुल्क ऑनलाइन ४२० आणि कागदावर ४७० डॉलर आहे. अर्ज आय-९४ वरची, म्हणजे प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या मुक्कामाच्या नोंदीवरची, तारीख उलटण्याआधी पोचलाच पाहिजे. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत दहा वर्षांची असते. ती पाहून निर्धास्त राहिलेली माणसं इथेच अडकतात. किती दिवस राहता येईल हे आय-९४ ठरवतो, व्हिसा नाही. सीबीपी या अमेरिकेच्या सीमा खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून तो आजच काढून ठेवा.

अर्जासोबत पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ च्या प्रती, आय-२०, सेव्हिसची पावती आणि पहिल्या वर्षाची फी व राहण्याचा खर्च भागेल एवढ्या पैशाचे पुरावे लागतात. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र. मावशी खर्च उचलणार असेल तर तिचं प्रतिज्ञापत्र आणि टॅक्स रिटर्न. शिवाय एक पत्र, आणि अर्ज तरतो किंवा बुडतो तो बहुधा या पत्रावर. फिरायला आलेली मुलगी शिकायचं कधी ठरवते, का ठरवते, शिक्षण संपल्यावर परत कशासाठी जाईल, हे त्यात पटेल असं यायला हवं. विद्यापीठाकडचा अर्ज तिने भारतात असताना, मे महिन्याआधीच भरला असेल, तर ती तारीख लपत नाही. मग ‘इथे आल्यावर सुचलं’ हे वाक्य खोटं ठरतं. व्हिसा अधिकाऱ्यांच्या नियमावलीत तर ९० दिवसांची कसोटीच आहे: प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत व्हिसाच्या उद्देशाशी विसंगत वागलं की आधीची माहिती खोटी होती असं गृहीत धरता येतं. यूएससीआयएसवर ती कसोटी बंधनकारक नाही, पण असा विचार ते करू शकतात.

वेळेचं गणित सगळ्यात अवघड. साध्या अर्जाला कित्येक महिने लागू शकतात. निकाल येण्याआधी जानेवारी उजाडला तर विद्यापीठाला आय-२० वरची सुरुवातीची तारीख पुढच्या सत्रावर ढकलावी लागते, आणि बी-२ वर असताना वर्गात बसता येत नाही. ‘नुसतं बसते, परीक्षा नंतर देईन’ हेही चालत नाही; शिक्षण आधी सुरू केलं की स्टेटस मोडतं आणि अर्जच नामंजूर होऊ शकतो. दोन दिवसांचा पाककलेचा वर्ग, हौसेचं मातीकाम एवढंच बी-२ वर चालतं. जलद निकालासाठी सुमारे दोन हजार डॉलर जादा भरून प्रीमियम सेवा घेता येते. तिच्या निकालाच्या मुदतीचे ३० कामाचे दिवस बोटांचे ठसे वगैरे सगळं पूर्ण झाल्यावर मोजायला लागतात, पैसे भरल्या दिवसापासून नाही.

ओळखीतलं कुणी सांगेल की कोर्स सुरू होईपर्यंत बी-२ ची मुदत वाढवत राहावी लागते. ते जुनं झालं. जुलै २०२१ पासून त्याची गरज नाही. अर्ज केला त्या दिवशी स्टेटस वैध असलं की पुरतं. मात्र अर्ज प्रलंबित असताना दिवाळीला म्हणून चार दिवस जरी भारतात आलं तरी अर्ज सोडून दिला असं धरतात. नोव्हेंबरनंतर अर्ज नामंजूर झाला तर दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्य मोजलं जातं. १८० दिवसांच्या वर गेलं की निघाल्यावर तीन वर्षं बंदी, एक वर्षाला दहा वर्षं.

आणि हे सगळं सुरळीत पार पडलं तरी हाती स्टेटसच येतं. पहिल्यांदा घरी आल्यावर परत जाताना एफ-१ व्हिसासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातली वकिलात आहेच. तिथला अधिकारी विचारणार, पर्यटक म्हणून गेलात आणि विद्यार्थी कशा झालात? मुलाखत चुकत नाहीच, तर ती कोर्सच्या मधोमध देण्यापेक्षा आधी दिलेली बरी. मुंबईसाठी नवा, बाहेरून येणाऱ्याचा आय-२०, डीएस-१६० हा व्हिसा अर्जाचा फॉर्म आणि १८५ डॉलर शुल्क लागेल. सेव्हिसचे ३५० वेगळे. एफ-१ व्हिसा कोर्सच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो. अमेरिकेत प्रवेश मात्र सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासूनच.

प्रश्न: मुंबईत एफ-१ मुलाखतीची तारीख लांबची मिळतेय. आम्ही सिंगापूरला सहलीला जाणार आहोत. तिथे मुलाखत देता येईल का? (पुणे)

पूर्वी लोक सर्रास बँकॉक, सिंगापूर, दुबई गाठायचे. ६ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने सांगितलं आहे की पर्यटक, विद्यार्थी वगैरे व्हिसाच्या अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी. दुसरीकडे भरलेलं शुल्क परत मिळत नाही आणि मुंबईकडे वळवूनही मिळत नाही. मस्कतला नोकरी करणारा गोव्याचा माणूस ओमानच्या रहिवासी कार्डावर तिथे अर्ज करू शकतो, कारण तो तिथे राहतो. सहलीला गेलेल्याला हा आधार नाही. मुंबईची तारीख धरून ठेवा आणि संकेतस्थळावर रोज बघत राहा; रद्द झालेल्या जागा अधूनमधून खुल्या होतात.

प्रश्न: मुलगा एच-४ वर आहे, पुढच्या वर्षी २१ पूर्ण होतील. कॉलेज चालू आहे. आत्तापासून काय करावं? (एडिसन, न्यू जर्सी)

एच-४ म्हणजे एच-१बी वगैरे व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचं आणि मुलांचं स्टेटस. त्यावर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, म्हणून हा विषय घराघरांत उशिरा निघतो. एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतं. ग्रीन कार्डच्या रांगेत मुलाचं वय गोठवणारा कायदा आहे, पण तो एच-४ वाचवत नाही. तेव्हा वर सांगितलेलाच आय-५३९ अर्ज, कॉलेजच्या आय-२० सह, वाढदिवसाच्या निदान सहा-आठ महिने आधी करा. निकाल वाढदिवसाच्या आत हाती यावा हे उद्दिष्ट ठेवा. उशीर झाला असेल तर प्रीमियमचे पैसे इथे सार्थकी लागतात. एफ-१ साठी परत जाण्याचा इरादा दाखवावा लागतो. वडिलांचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर आहे एवढ्यावरून अर्ज आपोआप फेटाळत नाहीत, तरी कागद वकिलाच्या नजरेखालून घाला. स्टेटस बदलल्यावर फी बदलते का हेही कॉलेजला आधी विचारा. राज्यागणिक उत्तर वेगळं येतं.

प्रश्न: एजंट म्हणतो, ‘टुरिस्ट व्हिसावर ऑस्ट्रेलियाला जा, तिथे स्टुडंटचा अर्ज टाकू, ब्रिजिंग व्हिसावर वर्ष-दोन वर्षं निघतील.’ किती खरं? (कोल्हापूर)

ब्रिजिंग व्हिसा म्हणजे नव्या अर्जाचा निकाल येईपर्यंत देशात राहू देणारा तात्पुरता व्हिसा. १ जुलै २०२४ आधी हे चालत होतं, म्हणूनच हे वाक्य अजून बाजारात फिरतंय. त्या दिवसापासून व्हिजिटर व्हिसा असलेल्याला ऑस्ट्रेलियात राहून स्टुडंट व्हिसाचा अर्ज करता येत नाही. शिक्षणानंतरच्या ४८५ व्हिसावर असलेल्यांनाही नाही. असा अर्ज नामंजूर होत नाही, मुळात वैधच ठरत नाही, आणि अवैध अर्जावर ब्रिजिंग व्हिसा मिळत नाही. म्हणजे एजंटच्या योजनेतला ब्रिजिंगचा पाया उरलेलाच नाही. व्हिजिटर व्हिसाची मुदत संपून २८ दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर पुढची तीन वर्षं तात्पुरत्या व्हिसावर बंदी येऊ शकते.

रीतसर मार्ग असा: भारतात असतानाच संस्थेकडून नोंदणीपत्र, म्हणजे सीओई घ्या. आरोग्य विमा, इंग्रजीची परीक्षा आणि राहण्याखर्चाचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवा. फी आणि प्रवासाचे पैसे वेगळे. खरोखर शिकायलाच चालला आहात हे दाखवणारे प्रश्न असतात, त्यांची उत्तरं स्वतः लिहा. एजंटची छापील उत्तरं दहा अर्जांत सारखी असतात आणि ती ओळखू येतात. व्हिसाचं शुल्क जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, आणि नकार आला तर ते परत मिळत नाही. व्हिजिटर व्हिसावर तीन महिन्यांपर्यंतचा छोटा कोर्स करता येतो, तेवढा करून परत या. न्यूझीलंडमध्ये मात्र पाहुण्याला तिथूनच स्टुडंट व्हिसाचा अर्ज करण्याची मुभा आहे. एजंट लोक या दोन देशांची सरमिसळ करतात.

प्रश्न: मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा भावाकडे व्हिजिटर म्हणून आलो आहोत. त्याला शाळेत आणि मला कॉलेजात जाता येईल का? (ब्रॅम्पटन, कॅनडा)

दोघांची उत्तरं वेगळी. अल्पवयीन मुलाला पूर्वप्राथमिक ते माध्यमिक शाळेसाठी कॅनडातूनच स्टडी परमिटचा अर्ज करता येतो. शाळा मंडळाचं प्रवेशपत्र लागतं, आणि मंडळं परदेशी मुलांकडून पूर्ण फी घेतात, ती आधी विचारा. राहण्याची मुदत संपण्याआधी अर्ज करा. परमिट हाती येईपर्यंत त्याला शाळेत बसवू नका.

तुम्हाला मात्र बाहेरूनच अर्ज करावा लागेल. अमेरिकेच्या सीमेवर जाऊन लगेच परत यायचं आणि तिथेच परमिट घ्यायचं, ही युक्ती २३ डिसेंबर २०२४ पासून बंद आहे. व्हिजिटरला देशातून अर्ज करू देणारं जे धोरण लोकांना आठवतं ते वर्क परमिटचं होतं, आणि तेही ऑगस्ट २०२४ मध्ये संपलं. घरून अर्ज करताना कॉलेजचं पत्र, बहुतेक कोर्सना पीएएल हे प्रांताचं संमतीपत्र, आणि फी व प्रवासखर्चाखेरीज एका माणसाचे २२,८९५ कॅनडियन डॉलर दाखवावे लागतात. क्यूबेकचा हिशेब निराळा. सहा महिने किंवा कमी मुदतीच्या कोर्सला परमिट लागत नाही, फक्त तो मंजूर मुक्कामाच्या आत संपला पाहिजे.

प्रश्न: बहीण लेस्टरला आहे. व्हिजिटर म्हणून गेल्यावर तिथून स्टुडंट व्हिसा करता येतो का? (सातारा)

नाही. ब्रिटनमध्ये व्हिजिटरला देशात राहून स्टुडंट होता येत नाही. परत येऊन, विद्यापीठाचं सीएएस, म्हणजे प्रवेशाची अधिकृत नोंद, मिळाल्यावर, कोर्सच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नकार अनेकदा ज्या साध्या कारणाने ओढवून घेतला जातो ते पैशाचं: ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे, मध्ये एक दिवसही खाली गेलेली चालत नाही, आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या ३१ दिवसांच्या आतला हवा. काकांनी शेवटच्या आठवड्यात पाठवलेले दहा लाख इथे उपयोगाचे नाहीत. क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्या. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड असला तरी वर्षभराच्या मास्टर्सला १,१६४ पौंड भरावे लागतात, कारण व्हिसा कोर्सनंतरच्या चार महिन्यांसकट मिळतो आणि अधिभार त्या सगळ्या काळाचा लागतो.

प्रश्न: शेंगेन व्हिसावर जर्मनीला जाऊन तिथेच विद्यार्थी परवाना घेतलेली एक अमेरिकन मुलगी ओळखीची आहे. मला जमेल का? (नागपूर)

शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत थोड्या मुक्कामासाठी चालणारा व्हिसा. तिला तो लागलाच नसणार. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांचे नागरिक व्हिसाशिवाय जर्मनीत उतरून तिथे परवाना मागू शकतात. भारतीयांना ती सवलत नाही आणि शेंगेन व्हिसाचं विद्यार्थी परवान्यात रूपांतर होत नाही. भारतातून जर्मनीचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसाच घ्यावा लागतो. त्यासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं पडताळल्याचं प्रमाणपत्र, नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. ते यायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची वाट न पाहता आधी त्याच्या मागे लागा. ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे जिथून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, ठेवावे लागतात. नकारावर वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नवा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं.