दोन हजार चोणक गेले कुठे?

प्रश्न : काकू, नमस्कार. शापोरा नदीच्या काठाला सासऱ्यांची अर्ध्या एकराची खाऱ्या पाण्याची तळी आहे. पाऊस सरल्यावर आम्ही दोघांनी चोणक माशाची दोन हजार पिल्ले आणून सोडली, बोटाच्या पेराएवढी. रोज तारली कापून घातली. तीन महिन्यांनी जाळे ओढले तर जेमतेम साडेचारशे! मेलेला मासा एकदाही तरंगला नाही. चोरीच्या संशयावरून शेजाऱ्यांशी भांडण झाले. पिल्ले गेली कुठे? आणि नवरा म्हणतो, हॉटेलातली नोकरी सोडून हेच करू. सोडू दे का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : आधी शेजाऱ्यांकडे जा आणि भांडण मिटव. तुझी पिल्ले तुझ्याच पिल्लांनी खाल्ली.

रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच आपला चोणक. चवीला राजा, पण भावकीत माया नाही. अंगाने निम्मा असलेला भाऊ समोर आला की अख्खा गिळतो. चोडणला आमच्या तळीत पहिल्या वर्षी हेच झाले. मी ऊद, म्हणजे पाणमांजर, आणि पाणकावळ्यांना शिव्या घालत बसले होते. एका सकाळी बोटभर पिल्लू काठाला लागले, तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर. घास मोठा झाला होता. गिळणारा आणि गिळलेला, दोघेही मेले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ऊद खाऊन गेला तर बांधावर काटे-खवले तरी दिसतात. इथे काहीच दिसत नव्हते.

सासऱ्यांना हे ठाऊक नसणार, त्यांचा दोष नाही. पूर्वी मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीबरोबर येतील तेवढेच चोणक आत यायचे, मोजके. सोबत सुंगटे (कोळंबी), शेवटे, काळुंदर असली बारकी मासळी, म्हणजे खायला भरपूर. कोण कोणाला खातो ते कोण बघतो? हॅचरीतली, म्हणजे अंडी उबवून केंद्रात काढलेली, पिल्ले आपल्याकडे अलीकडची. चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने 1997 मध्ये ती देशात पहिल्यांदा काढली. हजारो पिल्ले एका वयाची, एका जागी, हे वाडवडिलांनी पाहिलेच नव्हते.

तेव्हा पुढच्या खेपेला पेराएवढी पिल्ले थेट तळीत सोडायची नाहीत. बारीक जाळीचे हापे शिव, मच्छरदाणी उलटी टांगावी तसे, आणि तळीतच खुंट्यांना बांध. दर चार-पाच दिवसांनी पिल्ले निवडायची: मोठी एका हाप्यात, मधली दुसऱ्यात, बारकी तिसऱ्यात. मी भोके पाडलेली प्लास्टिकची टोपली वापरते. बारकी खाली निसटतात, मोठी वर राहतात. उन्हे चढायच्या आत उरकायचे, हात ओले ठेवून. कंटाळवाणे काम आहे, कंबर मोडते, आणि गणपतीच्या गडबडीत एक खेप चुकली तर पुढच्या खेपेला शंभर कमी भरतात, हे मी मोजून सांगते. दीड-दोन महिन्यांत बोटापेक्षा लांब झाली की तळीत सोड. पोटाला मात्र कधी कमी पडू देऊ नको. उपाशी चोणक आधी भावाकडेच वळतो.

खाद्याचा हिशेब नवऱ्यासमोर बसून कर. तारल्यांवर एक किलो चोणक वाढवायला पाच-सहा किलो तारली सहज जातात, आणि उरलेली कुजून पाणी बिघडवतात ते वेगळे. गोळीखाद्य किलोला महाग, पण दोनेक किलोत काम होते. कशानेही वाढव, निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचाच.

विकायचे कधी, यात खरा पैसा. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात. तेव्हा जिवंत, फडफडता चोणक दारात आला तर गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. 2018 मध्ये बाहेरून येणाऱ्या मासळीला टिकवायला फॉर्मेलिन मारतात असा गोंधळ उडाला, तेव्हापासून तर लोक आधी ‘गावचा ना?’ म्हणून विचारतात. पण श्रावण लागायच्या आत तळी रिकामी हवी; नंतर चतुर्थीपर्यंत निम्म्या घरांत मासळी शिजत नाही. आणि जूनच्या पावसात बांधावरून पाणी गेले तर मासे नदीचे. मेअखेर बांधाभोवती हातभर उंच जाळी मार, कुर्ल्यांची बिळे बुजव. आमच्या बांधाला एकदा मुठीएवढे बीळ राहिले होते. सकाळपर्यंत त्यातून बैल गेला असता.

अनुदानासाठी अर्ज तुझ्या नावाने कर. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण पुरुषाला खर्चाच्या 40 टक्के, बाईला 60. तळीचे कागद सासऱ्यांच्या नावावर असतील तर तुझ्या नावे भाडेकरार करून घे, आणि तळीची कायदेशीर नोंदणी आधी उरक. मात्र पैसे मागाहून येतात. मी एका कार्यालयात सात खेपा घातल्या, आठव्या खेपेला कळले की एक झेरॉक्स कमी होती. अनुदान धरून कर्जाचा हप्ता ठरवू नको.

नोकरीचे म्हणशील तर यंदा नको. अर्ध्या एकराला दोन माणसांचे दिवसभराचे काम नाही. पहाटे पाणी बघायचे, दोनदा खाद्य, निवडणीच्या दिवशी दोघांचे हात. त्याने हॉटेलातच राहावे आणि तिथल्या स्वयंपाक्याला विचारून ठेवावे, ताटात मावणारा अर्धा किलोचा हवा की तुकड्यांचा मोठा. कधी काढायचे ते त्यावर ठरेल.

उरलेल्या साडेचारशेंना पुन्हा जाळे घाल आणि मोठे बाजूला काढ. अजून वीस-तीस तरी वाचतील.