इतके जिंकूनही बॉक्सर जोसेफ पार्करला तेव्हाचा हेवीवेट विश्वविजेता उसिकशी लढत का मिळाली नाही?

रांगेत पहिला नंबर असला म्हणून लढत मिळतेच असं नाही. न्यूझीलंडच्या पार्करने डिसेंबर २०२३ मध्ये वाइल्डरला, मार्च २०२४ मध्ये झांगला हरवलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बाकोलेला दुसऱ्याच फेरीत गारद केलं. डब्ल्यूबीओने (विश्वविजेतेपदाचा किताब देणारी एक बॉक्सिंग संघटना) उसिकला त्याच्याशी लढायला सांगितलंही. पण उसिकने दुखापतीमुळे मुदत मागून घेतली. पार्कर हातावर हात ठेवून बसला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला फॅबिओ वॉर्डलीशी लढला आणि अकराव्या फेरीत हरला. (माझ्या मते थांबला असता तर बरं झालं असतं, पण ते आता बोलायला सोपं.) पुढच्याच महिन्यात उसिकने डब्ल्यूबीओचा किताब सोडला आणि रांगेत पार्करच्या जागी आलेला वॉर्डली उसिकशी न लढताच विजेता झाला!