व्यसनाच्या काळात कलचाचणी नको

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. सातवीपर्यंत ऐंशी टक्क्यांच्या वर असायचा. आठवीच्या दुसऱ्या सत्रापासून गुण उतरत गेले. या सहामाहीत गणितात ३१ आणि विज्ञानात ३८ मिळाले. दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या दप्तरात गांजाची पुडी सापडली. वर्षभर ओढतोय, आता जवळजवळ रोज, असं त्याने कबूल केलं. त्याचे वडील म्हणतात, गणित-विज्ञान त्याला झेपणारं नाही. पुढच्या आठवड्यात कलचाचणी करून एखादा सोपा मार्ग ठरवून टाकू. जास्तीची शिकवणी लावावी का? शाळेत सांगावं का? – एक आई

ताई,

पुढच्या आठवड्यातली ती कलचाचणी आधी रद्द करा. या चाचण्यांमधले आकडेमोड, तर्क, वेग आणि अचूकता हे भाग घड्याळ लावून सोडवायचे असतात. रोज गांजा ओढणाऱ्या मुलाचे हेच भाग खाली येतात. चाचणीच्या निकालाचा आलेख समोर ठेवून 'याला गणित जमत नाही' असा शिक्का बसला, की पुढे मुलगा सावरला तरी शिक्का पुसला जात नाही. मुलाचाही त्यावर विश्वास बसतो, आणि ते जास्त वाईट.

गांजातला टीएचसी हा घटक मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागावर परिणाम करतो. नवीन माहिती पक्की करण्याचं काम तिथे होतं. म्हणून जुनं शिकलेलं बऱ्यापैकी टिकतं, पण काल वर्गात शिकवलेलं आज आठवत नाही. घरच्यांना वाटतं, पोरगं लक्षच देत नाही. दुसरं म्हणजे टीएचसी शरीरातल्या चरबीत साठतो आणि रोज ओढणाऱ्याच्या शरीरातून पूर्ण जायला काही आठवडे लागतात. 'मी शाळेच्या वेळात ओढत नाही, फक्त रात्री ओढतो' असं तो म्हणत असेल तर ते खरं असू शकतं. तरी सकाळच्या तासाला डोकं जड राहतंच. त्यात नियोजन आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे या वयातली नशा मोठ्यांपेक्षा जास्त नुकसान करते.

त्याच्या गेल्या तीन परीक्षांच्या गणिताच्या उत्तरपत्रिका मिळवा आणि गुण न बघता चुका बघा. एका पायरीची उदाहरणं बरोबर आहेत, पण तीन-चार पायऱ्यांच्या उदाहरणात मध्येच वजा चिन्ह गळतंय, प्रश्नातले ५६ खाली ६५ होऊन उतरतायत, शेवटची दोन पानं कोरी आहेत, असं दिसलं तर रीत त्याला येते. एका वेळी तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं जमत नाही. नशा थांबल्यावर यात सुधारणा होण्याची चांगली शक्यता असते. पण ठरावीक धडे सुरुवातीपासूनच कोरे असतील, तर तो त्या काळात शिकलाच नाही, आणि ती पोकळी आपोआप भरत नाही. अवयव पाडणं ज्या महिन्यात बुडालं, त्या मुलाला वर्गसमीकरणं कितीही समजावली तरी डोक्यावरून जातात. विज्ञानातल्या संयुजेचंही तसंच, ती कच्ची राहिली की रासायनिक समीकरणांच्या संतुलनाचा धडा अडतो.

आणखी एक शक्यता पडताळून घ्या. अस्वस्थपणा, नैराश्य, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अतिचंचलपणा असतो ती अडचण) किंवा वाचन-लेखनातली अडचण आधीपासून असते आणि त्यावर उतारा म्हणून मूल नशेकडे वळतं, असंही होतं. हुशार मुलांची अशी अडचण सातवीपर्यंत झाकली जाते आणि अभ्यास वाढला की उघडी पडते. नशा सोडवण्यासाठी मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्याल, तेव्हा त्यांना ही शंका स्पष्ट सांगा. नुसती नशा सोडवली आणि मूळ दुखणं राहिलं, तर मूल परत तिकडेच जातं.

गांजा बंद केल्यावर पहिला आठवडा सगळ्यात कठीण असतो. चिडचिड होते, झोप उडते, भूक मरते. दोन आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. झोपेचा बिघाड आणि भडक स्वप्नं मात्र महिनाभरही राहू शकतात. या काळात अभ्यासाची अपेक्षा ठेवू नका. सोबत तंबाखू चालू असेल तर निकोटीनचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या तासाला मूल चुळबुळ करू लागतं. ओढल्यावर 'लक्ष लागतं' असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात फक्त तलफ शमलेली असते. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषधही तो घेत होता का, हे शांतपणे विचारा. घेत असेल तर घरच्या घरी काहीही अचानक बंद करू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्यास फिट येऊन जिवावर बेतू शकतं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. हे पत्र वाचणाऱ्या इतर पालकांसाठी एक गोष्ट : मूल थिनर किंवा व्हाइटनर हुंगताना दिसलं तर त्याच्यावर ओरडू नका, मागे धावू नका. त्या क्षणी दचकल्याने किंवा पळाल्याने हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू होऊ शकतो. बाटली हळूच बाजूला करा, खिडक्या उघडा, त्याला शांत बसवा.

शिकवणीचं उत्तर सध्या 'नाही' असंच आहे. सहा तास शाळेत बसून थकलेल्या मेंदूवर आणखी दोन तास लादले तर त्याच्या वाट्याला रोज चार जणांसमोर नापास होणंच येईल, आणि शिकवणीला जाण्या-येण्याचा एकटा वेळ म्हणजे जुन्या मित्रांची गाठ. पहिले दोन आठवडे फक्त दोन गोष्टी बघा : शाळेत रोजची हजेरी आणि ठरल्या वेळी झोप. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, शिकलेलं पक्कं होतं ते झोपेतच. तिसऱ्या आठवड्यापासून रोज वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका. एका बैठकीत त्याला येणारा जुना धडा, दुसरीत बुडालेल्या धड्यांपैकी एकच. वाचून झालं की पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरायचं. दर पंधरा दिवसांनी तेवढ्याच अवघड दहा उदाहरणांचा कागद द्या आणि उतरवण्यातल्या चुका मोजा. सुधारणा आधी तिथे दिसते, गुणांत नंतर. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी बैठक चाळीस मिनिटांवर न्या. तेव्हाही एखाद्या धड्याला माणूस हवा असेल तर एकट्याला शिकवणारा शिक्षक बघा, तेवढ्या धड्यापुरता.

शाळेत सांगा, पण एकाच व्यक्तीला : वर्गशिक्षक किंवा शाळेचे समुपदेशक. त्याआधी शाळेचा नियम माहीत करून घ्या, कारण काही शाळा थेट दाखला हातात देतात. नियम कडक असेल तर डॉक्टरांकडून 'वैद्यकीय उपचार सुरू आहेत' एवढंच लिहिलेलं पत्र घ्या. मागायचं ते नेमकं मागा : उपचारांच्या दिवशी गैरहजेरी माफ, बुडालेल्या घटक चाचण्या नंतर देण्याची सोय आणि पुडी देणारा मुलगा त्याच वर्गात असल्यास तुकडी बदल. शाळा बदलण्याची घाई करू नका. जुने मित्र फोनमध्ये राहतातच, आणि नवीन शाळेत त्याला ओळखणारे शिक्षक नसतात.

त्याच्या वडिलांची काळजी मला समजते. पण बारा-चौदा महिन्यांच्या गुणांवरून पुढचं सगळं शिक्षण ठरवू नये, असं मी त्यांना आग्रहाने सांगेन. 'सोप्या' अभ्यासक्रमात रिकामा वेळ जास्त असतो आणि या मुलाला आत्ता रिकामा वेळच नको. खेळ, वाद्य, हाताने करायचं काम, जे आधी आवडत होतं ते परत सुरू करा आणि चिडून कधीही बंद करू नका. वैमानिक किंवा जहाजावरच्या नोकरीत नशेच्या चाचण्या होतात, हे त्याला माहीत असावं. मात्र धमकी म्हणून सांगू नका.

मध्येच एकदा घसरला तर धक्का बसेल, पण उपचारांत हे बऱ्याच जणांचं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पुढची भेट अलीकडे घ्या आणि दुसऱ्या दिवशी वेळापत्रक होतं तसंच चालू ठेवा.

सलग तीन महिने नशेविना गेले, झोप सुरळीत झाली आणि पंधरवड्याच्या कागदावरच्या चुका कमी झाल्या, की कलचाचणीची तारीख घ्या. चाचणी घेणाऱ्याला उपचारांचं आधीच सांगा आणि वेळ लावलेल्या भागांचे गुण बिनवेळेच्या भागांपासून वेगळे मागा. तो अहवाल आणि पंधरवड्याचे सगळे कागद घेऊन विषयनिवडीसाठी पुन्हा लिहा. त्या वेळी मुलाला काय आवडतं, हे त्याच्याच शब्दांत एका कागदावर लिहून सोबत जोडायला सांगा.