खिंडसी तलावात डोंग्यानं मासेमारी करतो. समुद्रातल्या बोटींसारखं सगळं सुरक्षा साहित्य लागेल का?

सगळं लागणार नाही. डॅट (संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र), व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ), तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक हे समुद्रासाठी. तलावावर जीव वाचवतं ते लाइफ जॅकेट, आणि ते अंगातच हवं, कारण डोंगा उलटल्यावर घालायला वेळ मिळत नाही. विकत घेताना बक्कल लावून खांद्याकडून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर माप मोठं आहे. रामटेक, नागपूरकडचे बरेच धीवर बांधव पोहता येतं म्हणून ते टाळतात, याची फार काळजी वाटते. जाळ्यात पाय गुंतला की पोहणं कामी येत नाही! म्हणून धारदार सुरीही कमरेलाच ठेवा. शिवाय शिटी, दोरी बांधलेली तरंगणारी रिंग, पाणी उपसायला डबा. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, मदतीला ११२. उन्हाळ्यात वावधन (वादळ) दिसलं की जाळं सोडून काठ गाठा.