माझी अंध मुलगी सिंहगड चढायचा म्हणते. असं धाडसी आयुष्य जगलेली अंध स्त्री कुणी जवळून पाहिली आहे का?

हो, पाहिली आहे. माझी आत्या. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने ती गेली, त्यामुळे घरात सध्या तिचाच विषय असतो. तुमची मुलगी अकरावीत आहे, तिला अजिबात दिसत नाही आणि कॉलेजच्या ग्रुपबरोबर ट्रेकला जायचा हट्ट धरून बसली आहे, असं तुम्ही लिहिलंय. आत्याचं सांगतो, ठरवायचं ते तुम्ही दोघींनी ठरवा.

आत्याचे डोळे चौथ्या वर्षी देवीने गेले. आजच्या तरुण डॉक्टरांनी देवीचा रोगी पाहिलेला नसतो, देशातला शेवटचा १९७५चा. पण त्याआधी लहान मुलांची दृष्टी जाण्याचं ते एक मोठं कारण होतं. घर पुण्यात नारायण पेठेत होतं. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, वाडा गेला आणि सगळं कुटुंब पूरग्रस्तांच्या वसाहतीत, गोखलेनगरला आलं. बाकीच्यांच्या आयुष्याची त्यात धूळधाण झाली. आत्या मात्र बिनदिक्कत म्हणायची, "पूर आला नसता तर मला टेकडी कुठली मिळायला!" आजीच्या तोंडावरही म्हणायची, मग आजी दिवसभर तिच्याशी बोलत नसे.

जवळ हनुमान टेकडी, पलीकडे वेताळ टेकडी. आधी आजोबांचं बोट धरून, मग आजोबा चार पावलं मागे राहून, आणि एक दिवस कुणालाच न सांगता एकटी. पहाटेचं ऊन कुठल्या गालावर येतंय यावरून दिशा, तळपायाला चढ-उतार, मुरूम संपून गवत लागलं की वाट सुटली. वेताळ टेकडीवर दगडाची जुनी खाण आहे, घरच्यांना धास्ती तिचीच. आत्या टाळी वाजवायची. समोरच्या कातळावरून टाळी उशिरा परत आली की मधे खड्डा आहे, असा तिचा हिशेब. "भिंत लगेच उत्तर देते, खाण विचार करून देते," असं म्हणायची.

यात दैवी शक्ती वगैरे काही नाही. पूर्वी खूप अंध लोक सांगत की समोर भिंत आली की चेहऱ्याला जाणवतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात याची तपासणी झाली आणि १९४४मध्ये निष्कर्ष छापून आला. लोकांचे कान बंद केले की ते भिंतीवर आदळत. म्हणजे जाणवतं चेहऱ्याला असं वाटतं, पण ते येतं कानांतून. हे आत्याला मी वाचून दाखवलं तर म्हणाली, "मला विचारलं असतं तर पैसे वाचले असते त्यांचे." पावसाळ्यात ती रेनकोटची टोपी कधीच घालत नसे, भिजायची. थंडीतही कानटोपी नाही. सर्दी परवडली, बहिरेपण नको.

नोकरी बँकेत, टेलिफोन ऑपरेटरची. त्या पिढीतल्या शिकलेल्या अंधांना हमखास मिळणाऱ्या थोड्या नोकऱ्यांपैकी ती एक. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तिलाही त्यात रस नव्हता.

तिला राग येई तो वेगळ्याच गोष्टीचा. ती एकटी पीएमटीने जाते, स्वतः स्टोव्ह पेटवते, साडी स्वतः निवडते, याला लोक धाडस म्हणायचे. एकदा कुठल्याशा मंडळाने महिला दिनाला तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि निवेदिकेने भरल्या गळ्याने सांगितलं की या रोज एकट्या बसने प्रवास करतात. आत्या माइकवर म्हणाली, "बसने तर तुम्हीही आलात." सभागृह गप्प. मग तिने टेकडीवरच्या खाणीबद्दल सांगायला सुरुवात केली, तर ते कुणाला ऐकायचं नव्हतं, कारण पुढे अल्पोपाहार होता. माझ्या मते तिच्या सगळ्या स्वभावाची किल्ली इथेच आहे. रोजच्या जगण्याचं कौतुक तिला भीक दिल्यासारखं वाटे, आणि जिथे खरंच कौतुक हवं होतं तिथे कुणी बघत नसे.

आता सिंहगड. आतकरवाडीकडून पायवाटेचा चढ साधारण सहाशे मीटरचा. ती माझ्या वडिलांच्या सॅकचा मागचा पट्टा एका हातात धरी, दुसऱ्या हातात बांबूची काठी. पांढरी छडी डोंगरात कुचकामी, दगडांत अडकते. वडील बोलत राहत: "डावा पाय, गुडघाभर पायरी", "उजवीकडे मोकळं, आत ये", "सैल दगड". "सांभाळून" हा शब्द तिने बंद करून टाकला होता. सांभाळून म्हणजे काय करू, पाय उचलू की थांबू? चढताना ती आमच्यापुढे असायची. उतार मात्र तिला जड जाई. घसाऱ्यावर सरळ बसून घसरत यायची, साडीचा ओचा खोचून. नंतर वयाच्या पन्नाशीत तिने पंजाबी ड्रेस शिवून घेतला तो केवळ याच कारणासाठी.

रात्रीच्या ट्रेकला अंधारात तीच आमची वाटाड्या झाली, असं सांगायला छान वाटलं असतं. तसं काही झालं नाही. आम्ही बॅटऱ्या घेऊन अडखळत होतो, सूचना देणाऱ्यालाच दिसत नव्हतं, आणि ती वैतागून एका कातळावर बसून राहिली उजाडेपर्यंत. वर पिठलं-भाकरी खाताना मात्र मूड परत आला.

वाटेत सगळ्यात त्रास दिला तो मदत करणाऱ्यांनी. अनोळखी माणूस येतो, दंड पकडतो आणि ओढतो. तोल जातो तो तेव्हाच. एकदा ती पडली ती अशाच एका सज्जनामुळे, मनगट मोडलं. मदत करायची तर आपला कोपर पुढे करायचा, तिने धरायचा, आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. एवढं साधं आहे.

सायकलचंही वेड होतं. वडिलांनी दोन जुन्या सायकली वेल्डिंग करून एक जोडसायकल करून घेतली होती. ती मागे बसून खडकवासल्यापर्यंत पायडल मारायची. हेलन केलरही जोडसायकल चालवायची हे तिने ब्रेलमध्ये वाचलं होतं आणि ते ती येईल त्या पाहुण्याला ऐकवायची. साठीनंतर कामशेतला पॅराग्लायडिंगही केलं. तिथल्या पोरांनी आधी नकारच दिला. आत्या म्हणाली, "उडवणाऱ्याला दिसतंय ना? मग झालं." वर गेल्यावर माणसांचे आवाज आधी विरले, कुत्र्यांचं भुंकणं शेवटपर्यंत येत राहिलं, असं तिने खाली आल्यावर सांगितलं. आम्ही सगळे भारावलेलो, आणि ती म्हणते, "खुर्चीत बसून वारा खाल्ला. यात मी काय केलं?" तिच्या हिशेबात एकटीने पार केलेली खाणीकडची वाट याच्या कितीतरी वर होती. तिथे चुकलं असतं तर तिचं चुकलं असतं.

तुमच्या मुलीबद्दल माझं मत विचाराल तर जाऊ द्या. पण पहिल्याच फटक्यात सिंहगड आणि तोही पंधरा जणांच्या ग्रुपबरोबर, हे मला पटत नाही. आधी टेकडी, आणि तिच्याबरोबर रोज जाणारी एकच मैत्रीण, जिला सूचना देण्याची सवय होईल. दोघींनी मिळून शब्द ठरवावेत, पायरीला काय म्हणायचं, सैल दगडाला काय. मग सिंहगड, शनिवार-रविवार सोडून, कारण सुटीच्या दिवशी त्या वाटेवर इतकी गर्दी आणि मोबाइलवरची गाणी असतात की कानांवर चालणाऱ्या माणसाला काही कळत नाही. पावसाळा संपू द्या, दिवाळीनंतर वाट कोरडी असते. काठी कमरेच्या वर येईल एवढी घ्या. आणि चढायच्या आधीच तिला सांगून ठेवा की उताराला चढाएवढाच वेळ लागेल, नाहीतर बाकीची मुलं खाली पोचून बसची वेळ झाली म्हणून हाका मारत बसतात आणि घाई होते ती तिथेच.