प्रश्न तुमचे : नवं क्रीचर कार्ड खरंच दमदार आहे का?

प्रश्न : मी ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळतो. नवा संच यायच्या आधी एखाद्या क्रीचर (लढणारा जीव) कार्डाची फार चर्चा होते. ते खरंच चांगलं आहे की नुसतं वाचायला भारी, हे विकत घेण्याआधी कसं ठरवायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन हिशेब मांडा. कार्ड उतरल्या उतरल्या मेलं तर तुमच्या हाती काय उरतं? आणि एक फेरी जगलं तर किती फरक पडतो? बहुतेक जण दुसराच हिशेब करतात आणि फसतात.

‘मलड्रिफ्टर’ ५ मानाचं (माना म्हणजे कार्ड खेळायची किंमत), उडणारं २/२ (पहिला आकडा पॉवर, म्हणजे वाराचा जोर; दुसरा टफनेस, म्हणजे मार सोसायची ताकद). पण उतरताच २ कार्डं उचलू देतं. ते मारलं तरी कार्डं तुमचीच. ‘बेनस्लेयर एंजल’ही ५ मानाची, ५/५, उडणारी, लाइफलिंक असलेली (ती जेवढा मार देते तेवढे लाइफ, म्हणजे खेळाडूचे जीव-गुण, तुम्हाला मिळतात). लगेच मेली तर हाती शून्य, पण एक वार बसला तर १० लाइफचा फरक.

आता २०२२च्या ‘डॉमिनेरिया युनायटेड’मधली ‘शिओल्ड्रेड, द अपोकॅलिप्स’ घ्या. ४ माना (त्यातले २ काळ्या रंगाचे), ४/५, डेथटच (तिचा जरासा मार लागला तरी समोरचं क्रीचर मरतं). तुम्ही कार्ड उचललं की तुम्हाला २ लाइफ, विरोधकाने उचललं की त्याचे २ कमी. उतरताना ती काहीच करत नाही, म्हणजे पहिल्या हिशेबात कच्ची. पण एक फेरी टिकली तर विरोधकाच्या उचलीचे २, तुमच्या उचलीचे २ आणि अडवला न गेलेला वार ४, असा ८चा फरक पडतो. २० लाइफच्या खेळात हे प्रचंड आहे.

मग ती टिकते का, ते बघा. टफनेस ५ असल्यामुळे ‘लाइटनिंग बोल्ट’चा ३चा मार पुरत नाही. ‘कट डाउन’ पॉवर आणि टफनेस मिळून ५पर्यंतच्याच क्रीचरला मारतं. हिची बेरीज ९. ‘गो फॉर द थ्रोट’ मात्र २ मानात तिला संपवतं आणि तुमचे ४ माना वाया जातात. इथे वेळ महत्त्वाची. विरोधकाने स्वतःच्या वळणात सॉर्सरीने (फक्त स्वतःच्याच वळणात खेळता येणारं कार्ड) मारलं, तर तोवर त्याने कार्ड उचललेलं असतं, म्हणजे २ लाइफ गेलेले असतात. इन्स्टंट (कोणाच्याही वळणात खेळता येणारं) असेल तर तो तुमच्याच वळणात किंवा स्वतःच्या अपकीपमध्ये (कार्ड उचलण्याआधीचा टप्पा) मारतो आणि तुम्हाला काहीही मिळत नाही. म्हणून समोर २ लँड (माना देणारी कार्डं) न वापरलेले दिसले आणि घाई नसली, तर पाचव्या वळणापर्यंत थांबा. आधी १ मानाचं ‘ड्युरेस’ खेळून त्याच्या हातातलं ते मारणारं कार्ड काढा, मग हिला उतरवा.

किती प्रती ठेवायच्या? ६० कार्डांच्या डेकमध्ये, पहिली पाळी तुमची असेल तर चौथ्या वळणापर्यंत १० कार्डं दिसतात. तेवढ्यात ती मिळण्याची शक्यता ३ प्रतींत सुमारे ४३ टक्के, ४ प्रतींत ५३ टक्के. पण ती लेजंडरी आहे, म्हणजे तुमच्या बाजूला पटावर एका वेळी एकच राहू शकते. एक पटावर असताना दुसरी हातात अडकून पडते. आमचं मत ३च. लँडमध्ये किमान १६ काळा माना देणारे हवेत, नाहीतर चौथ्या वळणाला दोन काळे जमत नाहीत आणि ती नुसती हातात राहते.

घेण्याआधी चिठ्ठीवर मजकूर लिहा, ती साध्या लँडवर ठेवून स्लीव्हमध्ये घाला आणि मित्रांबरोबर दहा डाव खेळा. दर वेळी एकच नोंद करा : उतरली तेव्हा तुम्ही पुढे होता, बरोबरीत होता की मागे? फक्त पुढे असताना कामी येणारं कार्ड डेकमध्ये ठेवू नका. (अधिकृत स्पर्धेत अशा चिठ्ठ्या चालत नाहीत.)

प्रश्न : माझी शिओल्ड्रेड पटावर असताना विरोधकाने ‘ब्रेनस्टॉर्म’ खेळलं. त्याचे २ लाइफ जातात की ६?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ६. तो ३ कार्डं उचलतो. त्यातली प्रत्येक उचल वेगळी मोजली जाते. नंतर २ कार्डं परत ठेवली, तरी सूट नाही. मात्र ‘इम्पल्स’ने वरची ४ बघून १ हातात घेतलं, तर ती उचल नव्हे, कार्डावर ‘ड्रॉ’ हा शब्दच नाही. शिवाय हे लाइफ जाणं म्हणजे डॅमेज (मार) नाही, त्यामुळे डॅमेज रोखणारं कार्ड इथे उपयोगी पडत नाही.

प्रश्न : ‘कमांडर’ या अनेक जणांनी मिळून खेळायच्या प्रकारात शिओल्ड्रेड घ्यावी का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : जरूर. चौघांच्या डावात प्रत्येक फेरीला तीन विरोधकांचे मिळून ६ लाइफ जातात. सोबत ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’सारखं सर्वांना ७ कार्डं उचलायला लावणारं कार्ड असेल तर प्रत्येक विरोधकाचे १४ जातात आणि तुम्हाला १४ मिळतात. फक्त हे दोन्ही एकाच वळणात खेळता येईल एवढे माना साठवा. तिला एकटी उतरवून फेरीभर ठेवली, तर तिघांपैकी कोणीतरी तिला मारतोच.